शर्यतीपलीकडची रपेट

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले, की लोहा मागे पडल्यावर थोड्याच वेळात माळेगाव येते. एरवी हे गाव आजूबाजूच्या चार गावांसारखेच. पण मार्गशीर्षाची अमावास्या जवळ आली, की त्याचे रूप पालटते. खंडोबाच्या नावाने भंडारा उधळला जातो, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा गजर होतो आणि गावाबाहेरच्या माळावर जनावरांचा मोठा बाजार भरतो. घोडे, गाढवे, उंट, बैल, सगळे तिथे येतात. जिथला देवच घोड्यावर बसणारा, तिथे घोड्यांचा बाजार भरावा यात नवल ते काय?

याच दिवसांत लातूरकडच्या शिवारांत येळवस असते. वेळ अमावास्या हे तिचे पुस्तकी नाव. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रान माणसांनी फुलते. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, आंबील, भज्जी नि उंडे यांची पंगत बसते. रस्त्याच्या एका टोकाला माणसे बाजार करीत असतात आणि दुसऱ्या टोकाला कामधंदा विसरून रानात बसलेली असतात. आजच्या विषयाशी याचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो शेवटी ध्यानात येईल.

माळेगावच्या यात्रेत जिल्हा परिषदेतर्फे अश्व, श्वान आणि कुक्कुट यांचे प्रदर्शन भरते. बक्षिसे दिली जातात. उंचापुरा, कान आत वळलेला, चारही पाय नि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा मैदानात आला, की लोक त्याच्याभोवती कडे करून उभे राहतात. किंमत विचारतात, आकडा ऐकून तोंडात बोटे घालतात. गेल्या यात्रेत मी त्या गर्दीतून बाहेर पडलो, तर पलीकडे एका धनगराचे बिऱ्हाड उतरले होते. ओझ्याचे एक लहानसे तट्टू पाण्यावर निघाले होते, आणि त्याच्या उघड्या पाठीवर सहा-सात वर्षांचे एक पोर बसले होते. खोगीर नाही, रिकीब नाही. एका हाताने आयाळ धरलेली, आणि डोळे अर्धवट मिटलेले. त्या पोराला कुणी पाहत नव्हते, आणि त्यालाही कुणाची फिकीर नव्हती. त्याच्या तोंडावर जे सुख होते, ते प्रदर्शनातल्या एकाही स्वाराच्या तोंडावर मला दिसले नव्हते.

हे सुख माझ्या ओळखीचे होते, म्हणून मी थबकलो. आणि ते मी कसे गमावले, हेही मला आठवले. ती गोष्ट आधी सांगतो. मग इतिहासाकडे वळू.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेन. आजोबांकडे एक तांबडी घोडी होती. शेतावर जायला, बाजारहाट करायला, पाहुण्याला फाट्यावर सोडायला तीच. मला त्यांनीच घोड्यावर बसायला शिकवले. सकाळी तिला पाण्यावर न्यायचे काम माझे. ओढ्यापर्यंत जायचे नि परत यायचे, एवढीच ती रपेट. पण त्या अर्ध्या तासात मी राजा होतो. पुढे गावच्या जत्रेत पोरांच्या घोड्यांची शर्यत ठरली. बक्षीस म्हणून एक फेटा नि नारळ. मी आजोबांना न विचारता घोडी काढली. पहिला यायचेच, या एका वेडाने तिला बाभळीच्या फोकाने मारीत सुटलो. पहिला आलोही. पण परत येताना घोडी पुढचा उजवा पाय टेकीना. शीर दुखावली होती. आजोबा आले, त्यांनी तिच्या पायावरून हात फिरवला, माझ्या हातातला फोक घेऊन बाजूला टाकला, आणि तिला चालवीत घरी नेले. मला एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, “लेकरा, जिंकलास खरं. पण घोडी काही तुझ्यासंगं पळाली नाही. तुझ्या भ्यानं पळाली.”

घोडी जगली, पण पुन्हा तिच्यावर खोगीर चढले नाही. मीही त्यानंतर घोड्यावर बसलो नाही. पुढे इतिहासाचा अध्यापक झालो, जुनी पुस्तके चाळू लागलो, तेव्हा आजोबांचे ते वाक्य प्रश्न होऊन पुढे उभे राहिले. माणूस घोड्यावर बसतो तो कशासाठी? लढण्यासाठी, जिंकण्यासाठी, मिरवण्यासाठी, की आणखी कशासाठी? आपल्या या भागाच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे आहेत, आणि ती आपण समजतो त्याहून निराळी आहेत.

आरंभ कल्याणीपासून करू. आजचे बसवकल्याण, कर्नाटकात, आपल्या निलंगा तालुक्याच्या शेजारी. अकराव्या-बाराव्या शतकांत ही चालुक्यांची राजधानी होती आणि नांदेड-लातूरचा हा मुलूख तिच्याच सत्तेखाली होता. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची देवळे त्या काळाची साक्ष देत आजही उभी आहेत. या घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९-३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. मानसोल्लास म्हणजे मनाचा आनंद. राज्य कसे मिळवावे इथपासून स्वयंपाक कसा करावा इथपर्यंत सगळे त्यात आहे. आता पाहा, घोडा हे त्या काळी राज्याचे बळ. सैन्याच्या प्रकरणात तो येतोच. पण सोमेश्वराने घोड्यावर बसण्याला आणखी एक जागा दिली, आणि ती ‘विनोद’ या भागात. विनोद म्हणजे थट्टा नव्हे. मन रमवण्याचे साधन. गाणे, नाच, कथा यांच्या पंक्तीला त्याने वाजिवाह्यालीविनोद, म्हणजे मैदानावरचा घोड्यांचा खेळ, बसवला. घोडे कसे निवडावे, त्यांना कसे तयार करावे, दोन बाजू करून चेंडू कसा खेळावा, हे सारे तो सांगतो. खेळात चढाओढ आहेच. पण तो खेळ कुठल्या सदरात घातला आहे, ते महत्त्वाचे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या राजधानीत एका राजाने लिहून ठेवले, की घोड्यावर बसणे ही मनाच्या आनंदाची गोष्ट आहे.

चालुक्य गेले, देवगिरीचे यादव गेले, आणि पंधराव्या शतकात बीदर ही बहमनी राज्याची राजधानी झाली. हेही आपल्या उंबरठ्यावरचेच शहर. उदगीरहून फार दूर नव्हे. या काळात घोडा हा व्यापाराचा मोठा माल होता. अरबस्तान, इराण इथले घोडे गलबतांतून चौल, दाभोळ अशा बंदरांत उतरत आणि घाट चढून दख्खनच्या राजधान्यांकडे येत. १४६९ साली अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला. हा एकच घोडा विकून आपले नशीब उघडेल, अशी त्याची आशा. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला, धर्म बदल म्हणजे परत देतो म्हणाला. एका भल्या माणसाच्या मध्यस्थीने बिचाऱ्याला तो परत मिळाला, आणि अखेर बीदरला जाऊन त्याने तो विकला. या निकितीनने आपल्या टिपणांत आळंदच्या जत्रेचे वर्णन केले आहे. हे आळंद आज कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथे वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असे तो सांगतो. आकडा थोडा फुगलेला असेल म्हणा. तरी माळेगावच्या माळावर आज जे दिसते, त्याची परंपरा किती जुनी नि केवढ्या मुलखात पसरलेली आहे, याची कल्पना त्यावरून येते.

परदेशी घोडे श्रीमंतांचे. सामान्य माणसाचा सोबती म्हणजे इथले तट्टू. परदेशी रक्त आणि देशी तट्टे यांच्या संकरातून भीमेच्या खोऱ्यात जी काटक जात तयार झाली, तिला भीमथडी म्हणतात. अंगाने लहान, पण मूठभर कडब्यावर दिवसभर चालणारी, आणि खडकाळ वाटेवर पाय न चुकणारी. मराठ्यांच्या घोडदळाचे बळ या जनावरावर होते. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येई तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची भाकरीच गेली. म्हणून तो घोड्याला पोटच्या पोरासारखा जपे.

शिवाजी महाराजांचे १६७३-७४ च्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. रयतेच्या काडीला हात लावू नका, हा त्यातला उपदेश आपण शाळेत शिकवतो. पण त्या पत्राचा दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. दाणावैरण आताच बेफाम उधळली, तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ते मरण तुमच्या माथी लागेल, असे महाराज बजावतात. राजाला लढाया जिंकायच्या आहेत. पण जनावराच्या जिवाचा जाब तो स्वाराला विचारतो आहे. शिक्षक बंधुभगिनींनो, हे पत्र शिकवताना एवढी गोष्ट मुलांना अवश्य सांगा.

कारण हा हिशेब चुकला, की काय होते, तेही आपल्याच मातीत सुरू झालेल्या एका कहाणीत दिसते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर यांसारखी ठाणी मिळाली. सदाशिवरावभाऊंचे नाव गाजले, आणि त्याच विजयाच्या जोरावर उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पानिपतावर रसद तुटली. माणसांना अन्न नाही, घोड्यांना वैरण नाही. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईला फौज उभी राहिली, तेव्हा कित्येक घोडी आधीच मेली होती आणि उरलेली पाय ओढीत होती. उदगीरच्या विजयाला वर्षही पुरते झाले नव्हते. पानिपतच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. पण स्वाराची मांड कितीही पक्की असो, खालचे जनावर उपाशी असेल तर ती मांड कशावर टिकणार?

आता नांदेडला येऊ. १७०८ साली गुरु गोविंदसिंग गोदावरीच्या काठी नांदेडला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. त्या जागी महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू उभारली. होळीच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रांचा नि घोडेस्वारीचा सराव करण्याची प्रथा गुरुजींनी पंजाबात आनंदपूरला १७०१ च्या सुमारास घालून दिली. तोच होला महल्ला. नांदेडला होळी, दसरा अशा सणांना मिरवणूक निघते. निळ्या वस्त्रांतले निहंग घोड्यांवर स्वार होतात, आणि अरदास झाल्यावर निशाण साहिबच्या मागे माणसे नि घोडे एकदम धाव घेतात. टापांचा आवाज सगळ्या रस्त्यावर घुमतो. आपल्यापैकी पुष्कळांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? त्या धावण्यात पहिला कोण आला, हे कुणीच विचारीत नाही. तिथे पंच नाही, बक्षीस नाही. मिरवणुकीत गुरुजींच्या घोड्याच्या वंशातले मानलेले घोडेही असतात. ते सजवलेले असतात, पण त्यांच्या पाठीवर कुणी बसत नाही. घोडा केवळ वाहन नव्हे, तो मानाचा सोबती आहे, ही भावना याहून स्पष्ट कशी दाखवणार?

एकोणिसाव्या शतकात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या छावण्या हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपले अंबाजोगाई, इथे होत्या. तिच्या रिसाल्यांत शिलेदारीची जुनी पद्धत चालू होती. स्वार आपला घोडा घेऊन चाकरीला येई. १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. याच फौजेतल्या रिसाल्यांपैकी एक दख्खन हॉर्स. पहिल्या महायुद्धात, १४ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर तिने घोड्यांवरून हल्ला चढवला. समोर मशीनगन होत्या. घोड्यांच्या युद्धाचा काळ सरत चालला होता. आज त्या पलटणीकडे रणगाडे आहेत.

युद्धातून घोडा गेला, तसा वाटेवरूनही गेला. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वे नांदेडवरून धावू लागली. १९११ साली बार्शी लाइटची लहान गाडी लातूरला पोचली. १९४९ साली जहागिरी खालसा झाल्या आणि जहागीरदारांच्या पागा उठल्या. मग एस.टी. आली, फटफटी आली. देशाच्या पशुगणनेत २०१२ साली सुमारे सव्वासहा लाख घोडी-तट्टे मोजली गेली होती. २०१९ च्या गणनेत ती साडेतीन लाखांच्याही आत आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी!

याचा एक परिणाम फारसा कुणी ध्यानात घेत नाही. जोवर घोडा पाटलाकडे, वैद्याकडे, धनगराकडे, फेरीवाल्याकडे होता, तोवर घोड्यावर बसणे ही रोजची साधी गोष्ट होती. तीत हार-जीत नव्हती. कामाचा घोडा गेला, आणि उरले कोण? शर्यतीचा घोडा, वरातीत नाचणारा घोडा, प्रदर्शनातला घोडा. मुंबईत महालक्ष्मीचे शर्यतीचे मैदान १८८३ साली तयार झाले. तिथे घोड्याची किंमत सेकंदांत मोजतात. मालक एक, स्वार दुसरा, आणि पैसे लावणारा तिसराच. आमच्या जत्रांत उंचीला नि रंगाला भाव. म्हणजे घोडा आज आपल्यापुढे येतो तो स्पर्धक म्हणूनच. मग पोरालाही वाटते, घोड्यावर बसायचे ते जिंकायला नाही तर मिरवायला. मलाही बाराव्या वर्षी तेच वाटले होते.

आणि यात पहिला बळी जातो तो आपल्या तट्टाचा. उंचीच्या मापात ते बसत नाही, म्हणून बक्षीस नाही. बक्षीस नाही म्हणून भाव नाही, आणि भाव नाही म्हणून शिंगरू वाढवायला कुणी राजी नाही. सुदैवाने २०२३-२४ मध्ये राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधी, २०२३ सालीच, ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपले राज्यगीत झाले. त्यात भीमथडीच्या तट्टांचे नाव आहे. शाळेत मुले हे गीत म्हणतात. पण भीमथडीचे तट्टू पाहिलेली मुले किती निघतील?

आपली भाषा मात्र घोड्याला विसरलेली नाही. खोगीरभरती, अडेलतट्टू, वरातीमागून घोडे, घोडे कुठे पेंड खाते, घोडामैदान जवळ आहे, हे सारे आपण रोज बोलतो. आणि एक सुरेख शब्द आहे, रपेट. रपेट म्हणजे शर्यत नव्हे. कुठे पोचायचे नाही, कुणाला मागे टाकायचे नाही. घोड्यावर बसून नुसते फिरून यायचे. सोमेश्वराचा ‘विनोद’ आणि आपली ‘रपेट’ ही दोन्ही एकाच सुखाची नावे आहेत.

हे सुख येते तरी कुठून? त्यात जादू काही नाही. घोडा हे भित्रे जनावर. रानात पळून जाणे हाच त्याचा बचाव. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. अंगावर माशी बसली तरी त्याची कातडी थरथरते. अशा जनावराला पाठीवरच्या माणसाचे मन कळल्याशिवाय कसे राहील? तुम्ही घाबरलात, की तुमच्या मांड्या आवळतात, ते त्याला कळते. तुम्ही श्वास सोडून सैल बसलात, की तोही मान खाली सोडतो. त्याचा एक कान तुमच्याकडे वळतो. चालत्या घोड्याच्या पाठीची हालचाल माणसाच्या कमरेला तशीच हलवते, जशी ती आपण पायी चालताना हलते. म्हणून तर जगात ठिकठिकाणी हातापायांनी अधू असलेल्या मुलांना उपचार म्हणून घोड्यावर बसवतात.

डेन्मार्कमध्ये लिझ हार्टेल नावाची एक स्वार होऊन गेली. १९४४ साली तिला पोलिओ झाला आणि गुडघ्यांखालचे पाय लुळे पडले. लोक म्हणाले, आता घोडा विसर. तिने विसरला नाही. तिला घोड्यावर चढवायला नि उतरवायला माणूस लागे. पायांनी इशारा देता येत नव्हता, म्हणून ती बैठकीच्या भाराने घोड्याशी बोलायला शिकली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक मिळवले. पदक मोठेच. पण मला मोठी वाटतात ती त्याआधीची आठ वर्षे, जेव्हा पुढे पदक आहे हे तिला ठाऊकही नव्हते आणि तरी ती पुन्हा पुन्हा घोड्यावर बसत होती.

यावरून कुणी असे समजू नये, की स्पर्धा वाईट. २०२३ साली आशियाई क्रीडास्पर्धेत आपल्या स्वारांनी सुवर्णपदक मिळवले, तेव्हा मलाही आनंद झाला. घोडेस्वारीत देशाला एकेचाळीस वर्षांनी सोने मिळाले होते. आणि ते मिळाले कशात? घोडा नि स्वार यांचा मेळ किती जुळला आहे, हे ज्या प्रकारात पाहतात, त्यात. तिथे फोक उगारून भागत नाही. स्पर्धा ही सोबतीच्या पोटी आली तर शोभते. सोबत मारून आलेली स्पर्धा म्हणजे माझ्या फेट्यासारखी. तो फेटा मी एकदाही डोक्याला बांधला नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, यात्रा जवळ असेल तेव्हा मुलांना प्रदर्शनाच्या गर्दीत तर न्याच. पण तिथून पलीकडे, बिऱ्हाडाजवळ बांधलेल्या तट्टापाशीही न्या. ते कोणते ओझे वाहते, काय खाते, किती कोस चालते, हे त्याच्या धन्यालाच विचारू द्या. नालबंदाचे काम पाहू द्या. आणि शेतकरी बांधवांनो, तुमच्या गावी जत्रेत पोरांची घोडी पळणार असतील, तर हातात फोक असलेल्या पोराला आधी थांबवा. जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० सालापासून कायदा आहे. पण कायदा येईपर्यंत शीर तुटून जाते. तिथे हात धरणारा आजोबाच हवा.

आता गेल्या यात्रेची गोष्ट पुरी करतो. मी त्या बिऱ्हाडापाशी बराच वेळ उभा होतो. तट्टाचा धनी, सत्तरीच्या पुढचा म्हातारा, माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, “मास्तर, बसायचं का? बसा की. घेत नाय ते कुणाला खाली.” मी नको नको म्हणत बसलो. तीसएक वर्षांनी. पाय लटपटत होते. तट्टाने ते ओळखले नि कान मागे केले. “मास्तर, दम सोडा,” म्हातारा म्हणाला. मी दम सोडला. तट्टाचे कान पुढे झाले. आणि ते आपल्या चालीने, मला कुठेही पोचवायचे नसल्यासारखे, माळावरून चालू लागले. प्रदर्शनाच्या मैदानातून कर्ण्यावर बक्षिसांची नावे ऐकू येत होती. मी पाण्यापर्यंत गेलो नि परत आलो. एवढीच रपेट.

आरंभी येळवशीची आठवण काढली, ती याचसाठी. वर्षभर आपण रानाकडून पीक मागतो. येळवशीच्या दिवशी मात्र रानाकडे काही मागायला जात नाही. त्याच्या सोबतीला जातो. ज्या अमावास्येच्या सुमारास माळेगावचा बाजार भरतो, तिलाच लातूरचा शेतकरी हे करतो. तसा एखादा दिवस घोड्यासाठीही असायला हवा. परत आल्यावर मी खाली उतरलो नि तट्टाच्या मानेवर थाप मारली. म्हातारा म्हणाला, “चाललं न्हवं तुमच्यासंगं?”

चाललं होतं.